सुमीची कासवं

आळे, चैत्र, शनिवार संध्याकाळ, २००५

सुमीचा फोन आला. आधी बापाचा खोकला विचारला, मग माझे गुडघे, मग गाभण गाय. एवढी चौकशी झाली तेव्हाच ओळखलं, लेक यंदा यात्रेला येत नाही.

कारण काय, तर कासवं. तिच्या सासरी, कोकणात, कासवीण वाळूत अंडी घालून जाते. ती अंडी माणसं चोरतात, कुत्री उकरतात. मोठी कासवं बोटींच्या जाळ्यात गुदमरून मरतात ती वेगळीच. म्हणून सुमी आणि तिची सासू अंडी राखतात. पिल्लं आता कधीही निघतील.

"आई म्हणतात, तू नसलीस तर माझा जीव थाऱ्यावर राहत नाही."

आई म्हणे. आमच्यात सासूला आत्या म्हणतात. मग मी कोण?

मी म्हटलं, "त्या बाईला कासवांची लई हौस. माझ्या लेकीचं माहेरपण बुडालं त्याचं काय?"

सुमी हसली. "कोंबडी अंड्यांवर बसली की तू तरी कुठं गावाला जात व्हतीस?"

वर म्हणते, अंड्यांवर झाकायला आपल्याकडची बांबूची डालगी एसटीने पाठव.

बुरडाकडून दोन आणली. पण अजून जळतेच आहे. कासवांवर नाही, त्या बाईवर. आणि एसटीने कशाला पाठवायची? यात्रा आटोपली की मीच घेऊन जाते. वाळूत राखणीलाही बसेन, गुडघे काय म्हणायचे ते म्हणू देत. दोघी शेजारी बसलो की बघते, सुमीने 'आई' म्हणून हाक मारल्यावर ओ कोण आधी देते.