निळ्या कापडापुढं

सांगली,
जून १९९९

प्रिय प्रबुद्ध,

जय भीम.

तुझी पत्रं मिळतात. सगळी मिळाली. कॅनडात जाऊनही तुझं अक्षर काही सुधारलं नाही, पण मी लावून लावून वाचते. प्रत्येक पत्राच्या शेवटी तू एकच विचारतोस, पिंकी आता किती वेळ उभी राहते? मी उत्तर देईना म्हणून तू दाजींना फोन केलास, आणि त्यांनी सगळं बरं आहे म्हणून ठेवून दिला. त्यांच्या तोंडून वाईट बातमी निघत नाही, तुला माहीत आहे. बरं काही नाही, प्रबुद्ध. पिंकी एप्रिलमध्ये पडली. तेव्हापासून ती उभी राहिलेली नाही, आणि माझ्याशी बोलतही नाही.

तू कराडच्या कॉलेजातून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट घेऊन आलास आणि आमच्या पुढच्या खोलीचा पार स्टुडिओ करून टाकलास, ते दिवस सारखे आठवतात. कॉम्प्युटर कॉलेजचा, कॅमेरा आणि मिक्सर जालिंदरच्या शूटिंगच्या दुकानातला, आणि मागं लावायला जयंतीच्या मंडपाचं निळं कापड. लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरानवरीला काश्मीरच्या बर्फात नेऊन ठेवणारा जालिंदर. त्याला तू म्हणालास, माझ्या भाचीला कृष्णेच्या घाटावर उभी कर. कॅमेऱ्यापुढचं निळं तेवढं पुसलं जायचं आणि तिथं घाट दिसायचा. म्हणून मला निळी साडी, पूर्ण बाह्यांचा निळा ब्लाउज, सासूबाईंनी त्याच कापडाचे शिवलेले हातमोजे आणि तोंडावर पदर. मी गुडघ्यांवर बसून पिंकीला मागून कमरेला धरायची, आणि टीव्हीत बघावं तर पिवळ्या फ्रॉकमधली पिंकी घाटावर एकटी उभी. ताई, तू आता अदृश्य झालीस, असं तू हसत म्हणालास. मी म्हणाले, ती मी लग्न झाल्यापासून आहेच. सासूबाई समोरच होत्या, त्यासुद्धा हसल्या.

खोटं कशाला बोलू, तुझ्या यंत्रानं काम केलं. पिंकी जन्मली तेव्हा लगेच रडली नाही, तेव्हापासून प्रत्येक डॉक्टरनं सेरेब्रल पाल्सी हा शब्द आमच्या तोंडावर मारला. उजव्या हाताची मूठ उघडायची म्हटलं की फिजिओथेरपीच्या मॅडमही घामाघूम व्हायच्या आणि पिंकीही. तोच हात, टीव्हीतल्या घाटाच्या पाण्यातून तू केलेला मासा उडाला की वर जायचा. माशाला हात लावायचा म्हणून मूठ उघडायची. माझ्या हातांतलं तिचं वजन हलकं होत चाललेलं मला कळायचं. व्हर्च्युअल रिअॅलिटी हा तुझा शब्द मला बोलता येत नव्हता, पण मी त्याच्यावर जीव टाकला. वाटलं, पोरगी उभी राहणार. दुसरं काही मागितलंच नव्हतं मी.

मग तुला शिष्यवृत्ती मिळाली. कॉम्प्युटर कॉलेजात गेला, कॅमेरा लग्नांना गेला, निळं कापड मंडळाच्या पेटीत गेलं. राहिली ती तू करून दिलेली कॅसेट. रोज बघू दे, विश्वास वाढेल, असं तू सांगून गेलास. ती रोज बघायची. सुरुवातीला मी मागं होते हे तिला माहीत होतं. पण टीव्हीतल्या पिंकीच्या मागं कुणीच नसायचं, आणि बघून बघून तिला तेच खरं वाटायला लागलं. शेजारच्या पोरी येऊन बसायच्या, त्यांनाही ती सांगायची, ही मी, एकटी उभी आहे. मला गंमत वाटायची. पोरीच्या तोंडावर एवढा तोरा मी आधी कधी बघितला नव्हता.

जयंतीला विहारापुढं स्टेज बांधलं होतं. मागं तेच निळं कापड. मी बायकांच्या रांगेत वंदनेला उभी होते, पिंकी खुर्चीत बसून स्टेजच्या कडेला पोरींबरोबर होती. वंदना संपली, लोक पांगायला लागले, आणि तिनं पोरींना सांगितलं, मला वर घ्या, या कापडापुढं मला उभं राहता येतं. पोरींनी कॅसेट पाहिलेली. त्या कशाला शंका घेतील? त्यांनी तिला धरून वर घेतलं, कापडापुढं उभं केलं, आणि हात सोडून सगळ्या बाजूला झाल्या. कॅसेटमध्ये आजूबाजूला कुणी नसतं ना, म्हणून. मी वळून बघेपर्यंत ती खाली होती. त्या पोरींतली थोरली रेश्मा अजून शपथेवर सांगते की पिंकी जरा वेळ उभी होती. मी तिला गप्प बस म्हणते. मला ते ऐकवत नाही.

खुब्याचं हाड मोडलं. मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी फिरवून-फिरवून सांगितलं नाही. आता उभं करायच्या नादाला लागू नका, म्हणाले. या पायावर भार चालणार नाही, यापुढं खुर्चीच. हे तुला लिहायला मला दोन महिने लागले, यावरून काय ते ओळख. दाजी तेव्हापासून माधवनगरच्या मिलमधून आले की भिंतीकडं तोंड करून पडतात. आणि पिंकीनं शुद्धीवर आल्यावर मला पहिलं काय विचारलं असेल? पाय दुखतो म्हणाली नाही. म्हणाली, "मम्मे, निळं कापड व्हतं की मागं. मग मी पडले कशी?"

मी तिला सांगितलं, बाळा, तेव्हा मी तुला धरलं होतं. तिनं मान फिरवली. घरी आल्यावर तिनं सासूबाईंना कॅसेट लावायला सांगितली. मी टीव्हीजवळ जाऊन बोट ठेवलं. तिच्या फ्रॉकवर कमरेपाशी दोन्ही बाजूंना दोन ठिकाणी मागचं नदीचं पाणी दिसतं, तुला आठवत असेल. हातमोजेही निळेच, तेही पुसले गेले. मी म्हणाले, हे बघ, हे माझे हात आहेत. ती म्हणाली, "पानी हाय ते." तेव्हापासून ती माझ्या हातचं जेवत नाही, आजीच भरवते. मला आडून ऐकू आलं, ती आजीला विचारत होती, मी काय चुकले म्हणून मला उभं राहणं जमेना झालं? रोज तेच विचारते. व्यायाम सोडला, मूठ पुन्हा मिटली.

तू लिहिलंस की दिवाळीत येताना डोक्यावर घालायचं यंत्र आणीन, त्यात चारी बाजूंनी घाटच दिसेल, सांगलीची खोली दिसणारच नाही. नको आणूस. रागावले आहे मी तुझ्यावर, आणि तुझा काही दोष नाही हेही मला कळतं. दोन्ही एकदम कळतं म्हणून पत्र पुरं होत नव्हतं. या घरात आता न दिसणारं काही नको.

मग हे पत्र कशाला, तर एक मागायचं आहे. कॅमेऱ्यातली मूळ कॅसेट, घाट घालायच्या आधीची, तू बरोबर नेलीस. ती पाठव. दाजी म्हणतात, राहू दे, आयुष्यात एकदा तरी एकटी उभी होते एवढं तरी तिच्यापाशी राहू दे. मी पुष्कळ विचार केला. ते तिच्याकडून काढून घेताना माझा जीव जाईल. पण ती रोज स्वतःची चूक शोधत बसते, ते मला बघवत नाही. तिला दिसू दे की मागं नुसतं कापड नव्हतं, कापडापुढं आई बसली होती, आणि त्या दिवशी स्टेजवर आई नव्हती, म्हणून पोरगी पडली. तिची चूक नव्हती. बघून ती माझ्याशी बोलेल असं काही नाही. कदाचित जास्तच रुसेल. तरी पाठव. आणि पाठवण्याआधी ती नीट कर, साफ कर, असलं काही करू नकोस. माझे हात आहेत तिथंच राहू देत.

तुझीच,
ताई