माठाच्या गळ्यातली माळ

समुद्रपूर, १४ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आईस नमस्कार.

आज शाळेत डॉक्टरबाईंनी गावाला काविळीची माहिती दिली. काल त्यांनी एका माठाच्या गळ्यात, कावीळ उतरावी म्हणून बांधतात ती काड्यांची माळ घातली होती. काड्या वाळून गाठी सैल झाल्या आणि आज माळ माठाच्या पोटापर्यंत उतरली. शेजारच्या गोपिकाकाकू म्हणाल्या, "माठालेई कावीळ झालती का वं?" सगळे हसले. पण त्यांनी लगेच सुनेची माळ काढून तिला दवाखान्यात नेलं. धोका नाही म्हणतात.

हे काविळीने गेले, तेव्हा यांचीही माळ रोज लांबत होती. माळ लांबते म्हणजे कावीळ उतरतेय, असं आपण समजलो. माळ तू आणलीस, बांधली मी. आपल्याला माहीत नव्हतं, आई. तेव्हापासून तुला घास जात नाही; आता तरी पोटभर जेवशील ना?

खुंटीवरची यांची ती माळ मी आत्ता चुलीत घातली आणि प्यायचं पाणी उकळायला ठेवलं.

तुझी उज्ज्वला