आठ कांड्या

प्रिय ठके,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला चार महिने लावले, आधी त्याची माफी मागतो. बसलो नाही असं नाही. बसलो, लिहिलं, फाडलं. तुझी आई म्हणते, मुलीला पत्र लिहिताय की कोर्टात जबानी देताय? तिला काय सांगणार! तू वेळेवर जेवतेस ना? तिकडे थंडी पडली असेल, छातीला वारा लागू देऊ नकोस. माझा गुडघा आहे तसाच आहे.

तू लिहिलंस की दुसऱ्या कुणीतरी खडकाच्या त्याच काळ्या पट्ट्यातून, पण पंधरा किलोमीटर पलीकडून नमुने घेतले आणि त्यांची दिशा तुझ्या दिशेशी मुळीच जुळत नाही. आता तीन महिन्यांत निबंध मागे घे, नाहीतर खुलासा दे, असं तुला सांगितलंय. तीनदा गणित तपासलंस, चूक सापडेना, म्हणजे मीच या कामाच्या लायकीची नाही, असं लिहिलंस. पुढे लिहिलंस, नमुने बाबांनी काढलेले, त्यात शंकाच नको. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

सातवी शिकलेला माणूस मी. तीस वर्षं प्रयोगशाळेत ड्रिल चालवलं, पण खडक म्हणजे भोकं पाडायची वस्तू, एवढंच मला ठाऊक. मला समजावं म्हणून तू एकदा जमिनीवर बसलीस, वर्तमानपत्र फाडून त्याचे तुकडे सरकवून दाखवलेस. म्हणालीस, बाबा, हाडं असलेला एकही जीव नव्हता तेव्हा या सगळ्या जमिनी एकीला एक चिकटून होत्या. वितळलेला खडक थिजताना त्यातले लोखंडाचे कण पृथ्वीच्या चुंबकाकडे तोंड करतात आणि तसेच अडकून राहतात. ते तोंड कुठे आहे ते मोजलं की जमीन तेव्हा कुठे होती ते कळतं. तेवढ्यात आई दारातून ओरडली, अगं, आजचा पेपर होता तो! किती हसलो आपण.

त्यात माझं काम इवलंसं. खडूएवढी कांडी कापायची, ती बाहेर काढण्याआधी होकायंत्र लावून तिच्यावर पितळी तारेने बाण ओढायचा. खडक मात्र जागचा हललेला नसावा, ही एकच अट. तू मला ती दहादा बजावली होतीस.

मागच्या महिन्यात मी आपल्या नमुन्यांच्या टेकडीवर जाऊन आलो. आईला सांगितलं, डॉक्टरकडे जातो. दोन बस बदलल्या. ती टेकडी आता नाही. खाणवाल्यांनी रस्त्याच्या खडीसाठी ती मुळापासून उचलली आहे, खाली हिरवं पाणी साचलंय. पुन्हा भोक पाडून बघू म्हटलं तर जागाच उरली नाही. तिथल्या पहारेकऱ्याने विचारलं, आजोबा, काही हरवलंय का? मी नाही म्हणालो.

आता सांगतो. नमुने काढायचे त्या दिवशी तुला ताप होता, तू तंबूत होतीस, मी एकटा गेलो. पट्टा वर, चढ उभा, गुडघा ठणकत होता. खाली खोलीएवढा काळा धोंडा मातीत अर्धा रुतलेला होता, दगड अगदी तोच. मी त्याला लाथ मारून पाहिली, हलला नाही, म्हणून जागचाच समजलो. समजलो कसला, तसं समजायचं ठरवलं. तो कधीतरी वरून गडगडत आलेला होता. आठही कांड्या त्यातूनच काढल्या आणि वहीत टेकडीचा माथा लिहिला. त्या एकमेकींशी इतक्या जुळल्या की तू आनंदाने मला मिठी मारलीस. एकाच धोंड्यातल्या त्या, जुळणारच! वय नक्की ठरलेला पट्टा तो एकच होता, जमिनींची सगळी जोडणी तू त्यावर उभी केलीस, आणि मी नऊ वर्षं तोंड शिवून बसलो. तुझी मुदत गेल्या महिन्यातच संपली हे मला कळतं. याने आता काहीही सावरणार नाही. पण तुझ्या गणितात चूक नव्हती, पोरी, हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं. हे पत्र तुझ्या वरिष्ठांना दाखव, माझं नाव घे. फोन तू उचलत नाहीस. रागाच्या का होईना, दोन ओळी पाठव, कोरा कागद पाठवलास तरी चालेल, पण लवकर पाठव.

तुझाच,
बाबा