धाकटीचं हाड आधी भरलं

आई, तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि आज मी तुझ्याकडे गाऱ्हाणं घेऊन बसले आहे, तेही हाडाचं. आम्हा दोघी बहिणींच्या जबड्यात पाण्याच्या गाठी निघाल्या. गेल्या वर्षी आधी माझी काढली, दोन महिन्यांनी धाकटीची, नगरच्या एकाच डॉक्टरांकडे. गाठ काढली की तिथं पोकळी राहते, मग हळूहळू तिच्यात हाड भरत येतं. एक्सरेत हाड पांढरं दिसतं, पोकळी काळी. काल डॉक्टरांनी दोघींचे फोटो शेजारी शेजारी लावले. तिचं जवळजवळ सगळं पांढरं. माझं कडेकडेनं जरासं, मध्ये काळंच. आणखी सहा महिन्यांत भरलं नाही तर पुन्हा उघडून बघायचं म्हणाले. धाकटी हसत म्हणाली, "अक्का, मी अंडी खाल्ली आन् तू उपास धरले. देवानं बरोबर वाटणी केली बघ." डॉक्टर म्हणाले, "उपासाचं तेवढं नाही. तुमच्या बहीणबाई गाठ लहान असतानाच आल्या. तुमची मोठी झाली होती. फार दिवस अंगावर काढलंत ना, मावशी?"

काढलं. तू तेच शिकवलंस. मी तिसरीत, दाढ ठणकतेय आणि तू चुलीपुढे भाकरी थापतेयस. पिठाच्या हातानंच लवंग देतेस. "धर दाढंखाली. थोरली ना तू? एवढं सोसायचं." पुढच्याच वर्षी धाकटीचा दात दुखतो, तर तू तिला कडेवर घेऊन देवळालीहून पहिल्या एसटीनं नगर गाठतेस. परतताना तिच्या हातात गुलाबी फुगा. मी दारात उभी. "तुझी दाढ लवंगंनंच दुखायची राहिली की गं," म्हणतेस, जसं काही मीच जिंकले. म्हणून या गाठीच्या वेळीही गाल सुजला तरी मी आठ महिने लवंगच धरली. धाकटी मात्र दुखायला लागल्यावर तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे. तिला कुणीतरी नेतं हे तिला लहानपणापासून ठाऊक.

काल ती चपला घालायला बाहेर गेली, तेव्हा मी डॉक्टरांना हळूच म्हटलं, "तिच्यात कुठं काळं राहिलंय का, नीट बघा." त्यांना ती काळजी वाटली. "फार जीव आहे तुमचा बहिणीवर," म्हणाले. मी मान डोलावली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण त्याला हे सांगवलं नाही. तुला लिहिते आहे, कारण तू वाचणार नाहीस.