आईच्या शिव्यांचा रकाना

चारकोप, कांदिवली (प.)
६ जानेवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
मानसीवहिनीचे आशीर्वाद, रीत आहे म्हणून. वि. वि. तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. तुझ्याशी तोंडाने बोललं की ते कुठेतरी साठवलं जातं, हा अनुभव घेऊन झाला. म्हणून हा कागद.

तुझ्या संस्थेचा अहवाल मिळाला. लहान मुलं घरात बोलायला कशी शिकतात ते बघायचंय, असं गोड बोलून तू मिहिरच्या बंडीच्या खिशात ते आवाज टिपणारं यंत्र घातलंस. मी हो म्हटलं, कारण तू निलेशची सख्खी बहीण. आता अहवाल म्हणतो की या घरात मुलाशी जे बोललं जातं त्यातलं बहुतेक 'शत्रुत्वाचं' आहे. मग खाली नमुने वाचले. सगळे तुझ्या आईचे. मेल्या, तुझो मुडदो बशिवलो, फटकी इली तुका. पोराला पटकी येवो म्हणे!

निलेश हसला. मला हसू आलं नाही. बागेत मिहिरने समोरच्या विंगमधल्या मुलाला मेल्या म्हटलं, त्याची आई अजून माझ्याकडे बघत नाही. साडेतीन वर्षांचं पोर, बोलतं मोजकं, आणि बोलतं ते असलं. फेब्रुवारीत शाळेने भेटीला बोलावलंय. तिथल्या टीचरला हा फटकी इली म्हणाला तर झालीच अ‍ॅडमिशन!

म्हणून मी आईंना सांगून टाकलंय, मिहिरशी मालवणीत बोलायचं नाही आणि शिव्या तर मुळीच नाही. बोरिवलीच्या स्पीच थेरपिस्ट बाईंनीही अहवाल वाचून हेच सुचवलं. तुझ्याच संशोधनाचा आधार आहे, तेव्हा तुझी हरकत नसावी.
लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस.
मानसी

मुलुंड (पू.)
१३ जानेवारी २०२५

सौ. मानसीवहिनीस,
सा. न., नियमापुरता. तुझं पत्र वाचलं आणि संताप आला. वहिनी, या शिव्या नाहीत हे तुला पक्कं ठाऊक आहे. लग्न होऊन या घरात आलीस त्या दिवसापासून तू त्या ऐकते आहेस. दादा दहावी पास झाला तेव्हा आईने मेल्या म्हणतच त्याला पोटाशी धरलं होतं.

चूक आमच्या ऑफिसात झाली. आमच्याकडे रेकॉर्डिंग ऐकून प्रत्येक वाक्य एका रकान्यात टाकतात. प्रश्न, सूचना, कौतुक, शत्रुत्व असे रकाने असतात. तुमच्या घराचं काम संघमित्राने केलं. ती नागपूरकडची, कामाला चोख, पण मालवणी तिने जन्मात ऐकलेली नाही. अहवालावर नावं नसतात, नुसते क्रमांक असतात. मी गठ्ठ्यावर सह्या केल्या, आत डोकावले नाही. दुरुस्त अहवाल पाठवते.

पण तो यायच्या आधी एक सांग, त्याच अहवालात तुझ्याबद्दल काय आहे ते वाचलंस का? तुझी जवळजवळ सगळी वाक्यं सूचनेच्या रकान्यात आहेत. शूज काढ, वॉश युवर हॅन्ड्स, फिनिश इट, कम फास्ट. त्या पोराशी दिवसभर खरं बोलणारं माणूस घरात एकच आहे आणि तिलाच तू गप्प करायला निघालीस. तुला निमित्त हवं होतं, ते मी दिलं, एवढंच. आईवरची बंदी उठव.
लोभ राहिला नाही तरी चालेल, एवढं ऐक.
श्रुतिका

चारकोप
२७ जानेवारी २०२५

श्रुतिका,
मायने-बियने आता राहू देत. दुरुस्त अहवाल मिळाला. पहिला खोटा होता तर दुसरा खरा कशावरून?

मी सूचना देते हे तू मला शिकवू नकोस. मरोळच्या नोकरीत दिवसभर उभं राहून आल्यावर स्वयंपाक, डबा, पोराचं आवरणं, यातून सूचनाच निघतात. आणि इंग्रजीचं म्हणशील तर माझ्याऐवजी बढती मिळाली ती काल आलेल्या मुलीला, कारण ती मीटिंगमध्ये फाडफाड बोलते. मी बसते मनात वाक्य जुळवत. माझ्या पोराची ही गत मी होऊ देणार नाही, मग तू मला कुठल्याही रकान्यात टाक.

आणि तुझ्या आईचा हट्ट ऐक. मालवणीत बोलू नका म्हटलं तर त्यांनी बोलणंच सोडलं. मिहिरला खुणेने जेवायला बोलवायच्या, खुणेनेच आंघोळीला न्यायच्या. शेजारपाजार मला विचारायला लागला. परवा गुणाजीमामा आले होते, त्यांच्याबरोबर त्या कुडाळला निघून गेल्या. मी जा म्हटलेलं नाही. निलेश माझ्याशी बोलत नाही. छान झालं ना तुझं संशोधन? आता इकडे यायची तसदी घेऊ नकोस.
मानसी

मु. पो. कुडाळ
१० फेब्रुवारी २०२५

चि. श्रुतिका हिस,
आशीर्वाद द्यायची हाताला सवय आहे, म्हणून लिहिले. लिहिताना मी शाळेतली भाषा लिहिते. बोलताना माझी.

मानसी घाटावरून आली. तिला माझे बोलणे लागले, त्याचे मला एवढे नाही. तू माझ्या पोटची. तुला माहीत आहे, पोराला तोंडावर गोड बोलले की दृष्ट लागते. म्हणून आमच्यात मुडदा म्हणतात, फटकी म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावे, ह्या पोरावर कोणाचा जीव नाही, आणि त्याची नजर पुढे जावी. माझ्या आईने मला तसेच वाढवले, मी तुम्हा दोघांना. त्या कागदाखाली तुझी सही आहे हे निलेशने मला वाचून दाखवले. आजी नातवाची शत्रू, आणि खाली माझ्या लेकीची सही. मालनवहिनी, तुझी मामी, इथे म्हणते, चूक झाली असेल, सोड. मला नाही सोडता येत.

आवाज घेताना तू सांगितले होतेस की आवाज ज्याचा त्याचा, नको वाटला तर कधीही परत मागता येतो. मी मागते. माझा एकूण एक शब्द त्या यंत्रातून पुसून टाक. तुझ्याजवळही ठेवू नकोस. माझ्या बोलण्यावर कोणी शिकायला नको आणि मोठे व्हायला नको.

फोन करू नकोस. तुझा आवाज आला की मी ठेवते, हे तू बघितले आहेस. तब्येत जप.
तुझी आई,
सुगंधा

चारकोप
३ मार्च २०२५

श्रुतिका,
तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे आधी लिहिते. काम पडलं म्हणून लिहिते आहे.

शाळेतली भेट झाली. टीचरने हत्ती दाखवला, बॉल दाखवला, नाव विचारलं. मिहिरने तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी या म्हणाले. मला वाटलं बुजला असेल, पण घरीही तेच. मराठी नाही, इंग्रजी नाही, काही नाही. आई गेल्यापासून त्याचे होते ते शब्दही गेले. थेरपिस्ट बाई आता विचारतात, घरात कोणी गेलं का?

जेवायच्या वेळी ताट घेऊन आईंच्या खोलीच्या दारात उभा राहतो. आत कोणी नाही हे त्याला कळतं, तरी थांबतो. मी बोलावते, बाळा म्हणते, राजा म्हणते, वळत नाही. परवा मी शेवटी तेही केलं. त्या म्हणायच्या तसंच म्हटलं, मेल्या, तुझो मुडदो बशिवलो, जेवक ये. श्रुतिका, माझ्या तोंडून ती शिवीच निघाली. तो इतका घाबरला की ताट टाकून पलंगाखाली जाऊन बसला. बाहेर काढायला गेले तर माझाच हात झटकला.

आई निलेशलाही नाही म्हणाल्या. परत येत नाहीत, फोनवर मिहिरशी बोलतही नाहीत. सुनेने सांगितलंय बोलायचं नाही, म्हणतात. मी माफी मागितली, त्यांनी ती ऐकून घेतली आणि फोन ठेवला. तुझ्याकडे त्यांचं रेकॉर्डिंग आहे. तेवढं पाठव. जेवताना लावीन, बस. पुन्हा तुझ्याकडे काही मागणार नाही.
मानसी

मुलुंड
९ मार्च २०२५

वहिनी,
रेकॉर्डिंग नाही. आईने पत्र लिहून तिचा आवाज परत मागितला होता. फेब्रुवारीतच मी सगळं पुसलं. कॉपी ठेवावी असं फार वाटलं, पण तिने बजावलं होतं. संस्थेतूनही आता काही मिळणार नाही, मी विचारून पाहिलं.

मीही तिला फोन करते. माझं हॅलो ऐकते आणि ठेवते. तेव्हा आवाज हवा असेल तर तो तिच्याच तोंडून मिळेल. तू जाऊ नकोस, मीही जात नाही, आपल्या दोघींना ती दारातून परत पाठवील. दादाबरोबर मिहिरला पाठव. त्याला बघून ती गप्प राहिली, तर मग कुणाकडेच उपाय नाही.

तुझ्याशी माझं भांडण मिटलेलं नाही, तरी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. पुसण्याआधी मी ते सगळं एकदा ऐकलं. आईने मेल्या म्हटलं की मागोमाग दर वेळी मिहिर हसतो. मुडद्याला तर खदखदून हसतो, श्वास घेत नाही एवढा. आम्ही शब्द मोजतो आणि हसणं म्हणजे शब्द नव्हे, म्हणून ते कुठल्याच रकान्यात गेलं नव्हतं. संघमित्राने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांचे आवाज एकमेकांत इतके मिसळले होते की आईचा काढून त्याचा ठेवता आला नाही. दोन्ही पुसले.
श्रुतिका