आठ ताकदीचे जुने इंजिन व इतर मिळकतीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, विधवा, धंदा मासेमारी, आज पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहवून घेत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांबद्दल ते जे बोलले ते इथे लागू नाही. लिहिणारे शेजारचे निवृत्त कोर्ट-कारकून आहेत. त्यांनी माझे बोलणे नीट भाषेत बसवावे पण गाळू नये, असे आमचे ठरले आहे.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व मागची जाळी ठेवायची पडवी, मुलगा आणि सून यांना समाईक. मुलगा शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळते, अगदी धक्क्याला बांधलेली असली तरी. त्यावरून माझ्या माघारी जमणाऱ्या नातेवाइकांनी त्याला टोचून बोलू नये.

कलम २. होडी सुनेला, एकटीला. लग्न होऊन आली तेव्हा तिला पोहता येत नव्हते. आज ती धुक्यातही खडक चुकवून होडी आत आणते, आणि आणताना मला बडबड बंद करायला सांगते. मुलाची हरकत नाही. फोनवर सांगितले तेव्हा तो सुटल्यासारखा हसला.

कलम ३. बँकेत जी काही ठेव निघेल ती नातीच्या शिक्षणासाठी. माझी मोठी कात्री नणंदेला देऊ नये. का, ते तिला ठाऊक आहे.

कलम ४. होडीच्या मागच्या फळीवरचे आठ ताकदीचे, म्हणजे आठ हॉर्सपॉवरचे, इंजिन माझ्या धाकट्या दिरांना द्यावे. याचे कारण लिहिणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी एकाच हंगामात आमच्या आणि दिरांच्या, अशा दोन्ही होड्यांची इंजिने कामातून गेली. नवे घेण्याची ऐपत कोणाचीच नव्हती. मिस्त्रीच्या शेडमध्ये दोन जुनी इंजिने लाकडी घोडीवर टांगली होती. एक पंधरा ताकदीचे, नव्या रंगाने चकचकणारे. दुसरे आठचे, झाकणाला पोचा आलेला. यजमान म्हणाले, तू बघ, तुझा हात बरा. मी शिवणाची टेप नेली होती. त्या टेपने इंजिनाच्या दांड्याची लांबी मोजली, कारण दांडा आखूड निघाला तर पंखा पाण्याबाहेर येतो. दोरी सावकाश ओढून आतला दाब पाहिला. मिस्त्रीने पिंपात पाणी भरून आठचे चालू केले. मागून पाण्याची धार सारखी पडत होती, हाताला कोमट लागत होती. म्हणजे पोटातून पाणी नीट फिरत होते. मला ते आवडले.

मोठ्याचा रंग मला खटकला. रंगवणाऱ्याने स्क्रूच्या खाचासुद्धा भरून टाकल्या होत्या. मिस्त्री आत गेल्यावर मी त्याच्या गिअरचा खालचा स्क्रू सैल केला. बोटावर तेल आले ते दूध घातलेल्या चहासारखे. गिअरमध्ये पाणी शिरत होते, ते फार दिवस टिकणार नव्हते. मी स्क्रू पुन्हा आवळला, तेवढ्यात दीर आले. आठचे इंजिन पाहून चार लोकांत म्हणाले की वहिनींनी शिवणाचे यंत्र पसंत केलेय, आता समुद्राला टाके घालतील. सगळे हसले. मोठे इंजिन त्यांनी घेतले. मी बोट पदराला पुसले आणि गप्प राहिले.

तीन आठवड्यांनी भर समुद्रात त्यांचे गिअर तुटले. वारा जमिनीवरून होता, होडी बाहेर वाहत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आम्हाला सापडले. ओठ फुटलेले, पेटीतल्या बर्फाचे पाणी पिऊन राहिलेले. आमच्या इंजिनाला हात लावून ते रडले. तेव्हापासून भेटेल त्याला सांगतात, वहिनींच्या पारखीमुळे मी वाचलो. यजमान गेल्यावर दरवर्षी माझी होडी तेच घासतात, तेच रंगवतात, चहाशिवाय काही घेत नाहीत. त्यांनी माझे कौतुक केले की दरवेळी मला ते तेलाचे बोट आठवते. म्हणून इंजिन त्यांना. माझ्या माघारी हे त्यांना वाचून दाखवावे.

इथे कारकूनसाहेबांनी पेन खाली ठेवले. म्हणाले, "बाई, लिहायला माझी ना नाही. पण ज्यांना हे वाचून दाखवायचं ते बाहेर तुमच्या होडीचा नंबर रंगवतायत."

मी दिरांना आत बोलावले आणि कलम चार त्यांना स्वतः सांगितले. कारकूनसाहेबांना वाचून दाखवू दिले नाही. ते उंबऱ्याशी उभे होते, हाताला रंग होता म्हणून कशाला टेकले नव्हते.

ते म्हणाले, "त्या स्क्रूवरचा रंग उडालेला मला तेव्हाच दिसला होता, वहिनी. मला वाटलं, तुम्ही तेल बघितलंय आणि काही बोलत नाही, म्हणजे चांगलंच असणार."

हे ऐकून मला काय झाले ते लिहिण्याची गरज नाही. मी विचारले, "मग भावोजी, एवढी वर्षं बोलला का नाहीत?"

"पहिलं वर्ष रागात गेलं. लोकांसमोर तुमचं कौतुक करायचो ते तुम्हाला बोचावं म्हणूनच. मग दादानं एकदा सांगितलं, त्या दिवशी पहाटेपासून तुम्ही होडीच्या टोकाशी उभ्या होतात, दुपारपर्यंत बसला नाहीत. त्यानंतर करायचो ते कौतुक खरं होतं." मग म्हणाले, "आणि हसलो तर मीच होतो ना आधी."

इंजिन घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. चालत्या होडीवरून इंजिन उतरवून सुनेला वल्ही मारायला लावायची का, असे विचारले. मी त्यांच्यापुढे हात जोडले तेव्हा ते चिडले. म्हणून कलम चार पुढीलप्रमाणे बदलले आहे, आणि वरचा मजकूर खोडू नये अशी माझी सूचना आहे.

कलम ४, दुरुस्त. इंजिन होडीसोबत सुनेकडे राहावे. दिरांना माझ्याकडून काही नको आहे, त्यामुळे काही दिलेले नाही. मात्र त्यांना मूलबाळ नाही. ते थकले की त्यांचे जेवणखाण, औषधपाणी आणि राहायला मागची पडवी, तिचे दार दुरुस्त करून, ही जबाबदारी मुलगा व सून यांची. हे उपकार म्हणून करू नये. माझ्या घरात माझ्याआधी त्यांचा हक्क आहे.

हा मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. सही घाईत केली आहे, पण ती माझीच आहे. दीर बाहेर हाका मारत होते, भरती लागली होती आणि आज मी, ते आणि सून असे आम्ही तिघे समुद्रावर जाणार आहोत.

सही: होडीची मालकीण
साक्षीदार १: बर्फाच्या कारखान्यातले मुकादम (सही)
साक्षीदार २: समोरच्या बेकरीवाल्या बाई (सही)
लिहिणार: निवृत्त कोर्ट-कारकून (सही)
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
तारीख: महिन्याची अकरा, सोमवार, सकाळचे साडेदहा