एक टर्न संपला की काटोल

३ नोव्हेंबर, रविवार. भाऊबीज.
अरुंधती सकाळच्या बसनं काटोलला माहेरी गेली. निघताना बजावून गेली की भाऊबीज झाली की आणायला या. दरवर्षी ती एकटीच बॅग ओढत परत येते, यंदा येणार नाही म्हणे. माझ्या चुलत वहिनींना माहेराहून आणायला दादा स्वतः जातो, हेही ऐकवलं. मी लगेच हो म्हटलं. पुढचा रविवार पक्का.
आठवडाभर घर मोकळं. संकल्प: रोज सकाळी फिरणं, माळा आवरणं, एकाग्रता वाढवणं.

दुपारी ३.
एकाग्रतेपासून सुरुवात. सेलमध्ये अवकाशातला स्ट्रॅटेजी गेम घेतला. ग्रह वसवायचे, तह करायचे, साम्राज्य सांभाळायचं. याला खेळ म्हणणं चूक आहे. हे प्रशासन आहे.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
गेम चालला नाही. कॉम्प्युटर नऊ वर्षांचा. सीताबर्डीवरच्या दुकानदाराकडून ग्राफिक्स कार्ड टाकून आणलं. आता चालतो, पण कॅबिनेट तापतं. एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला आहे. मला थंडी वाजते, म्हणून शाल पांघरून बसतो. फिरणं थंडी कमी झाल्यावर.

७ नोव्हेंबर, गुरुवार.
साम्राज्याची स्थापना. राजधानीचं नाव नागपूर. चार ग्रह, सगळे सुखी.

१० नोव्हेंबर, रविवार.
काटोल रद्द. सकाळी शेजारच्या ग्रहावरच्या जमातीनं तहाचा प्रस्ताव पाठवला. अशा वेळी उठून जाणं बेजबाबदारपणाचं. अरुंधतीला फोन करून ऑफिसचं काम निघालं असं सांगितलं. रविवारी? असं तिनं विचारलं. ऑडिट, म्हटलं. बरं म्हणाली. ती समजून घेते. आमचा संसार त्यावरच उभा आहे.

१३ नोव्हेंबर, बुधवार.
या गेमच्या मराठी खेळाडूंचा ऑनलाइन ग्रुप सापडला. एकूण अकरा जण. उमरेडचा रोशन, खाणीत नोकरीला आहे, तो सगळ्यांत जुना. मी आल्याआल्या मोठा लेख टाकला: दूरच्या वसाहती का फुटतात. मुद्दा असा की नुसते संदेश पाठवून भागत नाही. राजधानीतून जहाज स्वतः गेलं नाही, तर तिथली निष्ठा दर टर्नला, म्हणजे दर खेळीला, घसरत जाते. नऊ जणांनी अंगठा दिला. ऑफिसात अठरा वर्षांत एवढी दखल कुणी घेतली नाही. बरं वाटलं. पाच मिनिटांत ते गेलंही.

१७ नोव्हेंबर, रविवार.
काटोल पुढच्या रविवारी. आज सीमेवर लढाई.
संध्याकाळी गिरिधरचा फोन. हा अरुंधतीचा धाकटा भाऊ, संत्र्याचा व्यापारी. सध्या सीझन, त्याला बोलायला फुरसत नसते. तरी बोलला. "भाऊजी, ताई दर रविवारी सकाळी बॅग भरते अन् संध्याकाळी रिकामी करते. तुम्ही येऊन राहिले का नाही, तेवढं सांगा." येतोय, म्हटलं. बोलता बोलता टर्न पुढे ढकलला. नंतर वाईट वाटलं. पण शेजारच्या घरी कुकरची शिट्टी वाजावी, तसं. ऐकू आलं इतकंच.

२३ नोव्हेंबर, शनिवार.
रविवारी बसला गर्दी असते. म्हणून सोमवारपासून आठवडाभराची रजाच टाकली. अर्जात कारण खरं लिहिलं: पत्नीस माहेराहून आणणे. साहेबांनी सही करताना शाब्बास म्हटलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार.
रजेचा दुसरा दिवस. तेहतीस ग्रह. डबा लावला आहे. पुष्पलताबाई दुपारी एकला येतात. दार लोटलेलंच असतं आणि माझ्या कानावर हेडफोन. मागे चाहूल लागली की मी न बघता हात वर करतो, त्या डबा टेबलावर ठेवून जातात. दोघांचाही वेळ वाचतो. माणसांमाणसांत अशीच व्यवस्था असावी.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.
रोशनशी फोनवर चर्चा. विषय विज्ञान आधी की नौदल. मध्येच रजा कशासाठी म्हणून त्यानं विचारलं, मी सांगून बसलो. तर म्हणतो, "दादा, चाळीस टर्नचं जहाज तुम्ही बिनधास्त सोडता. काटोल दीड तास हाय. बसमध्ये बसून काहून नाही राहिले?" चांगला खेळाडू आहे, पण विषयाला धरून बोलत नाही. मी नौदलावर परत आलो.

३० नोव्हेंबर, शनिवार.
रजा संपली. उद्या सकाळी आठची बस. काही झालं तरी.

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ११.
आठची गेली. विजय वीस टर्नवर आहे. दोनची बस.

दुपारी १.१०.
डबा आला. हात वर केला. आज बाई रेंगाळल्या. "ठेवून जा," असं मोठ्यानं म्हटलं. गेल्या.

२.१५.
जिंकलो. सगळी आकाशगंगा आपली. ग्रुपवर फोटो टाकला. जेवायला उठलो तर टेबलावर डबा नाही. घराची चावी आहे. माझी तर खिशात आहे.

२.३०.
पुष्पलताबाई आत्ता डबा घेऊन आल्या. गाडी पंक्चर झाली म्हणून उशीर, म्हणाल्या. मघा अरुंधतीताई चौकात भेटल्या, हातात बॅग होती, ऑटोत बसल्या, गावाला चालल्या का, असं बाईंनी मलाच विचारलं. मी हो म्हटलं.

३ वाजता.
तीनदा फोन केला, चौथ्यांदा तिनं उचलला. बसमध्ये होती. मला वाटलं डबेवाली बाई आहे, असं मी सांगितलं. ते कळलं म्हणाली. ती चिडली असती तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती. ती शांतपणे म्हणाली, "मी पाच मिनिटं तुमच्या मागे उभी होती. तुम्ही वळून पाहिलं असतं ना, तर मी बॅग खाली ठेवली असती."